कुबिचेक बाईंची अंडी आणि एल्डनची बॅटरी

दफनभूमीचं गवत यंदा आपण कापू, असं एल्डन पॉस्पिशिल भर सभेत बोलून गेला, आणि खाली बसता बसता त्याच्या लक्षात आलं की 'छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता' असं कुणीच म्हटलेलं नाही. उलट टाळ्या पडल्या आणि अध्यक्षांनी लगेच पुढचा विषय घेतला. त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक काळज्या अशाच सुरू झालेल्या होत्या.

व्हिसोका हे नेब्रास्कातलं चेक लोकांचं गाव. गाव लहान, पण संस्था भरपूर. दफनभूमीची संस्था निराळी, सभागृहाची निराळी, आणि दोन्हींत माणसं तीच. त्यामुळे एका संस्थेने दुसरीकडे तक्रार केली की ती स्वतःलाच पोचायची. गवत इतकी वर्षं म्हातारा एर्विन कापायचा. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याने गुडघा बदलून घेतला. एरवी गवत कसंही वाढलं तरी चालतं, पण मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, लांबलांबची माणसं आपापल्या लोकांच्या कबरींवर फुलं ठेवायला येतात. 'आमच्या आजोबांना गवतात शोधावं लागलं' असं एखाद्या शिकागोकराने जाता जाता म्हटलं, तर गाव ते पुढची कित्येक वर्षं उगाळत बसतं.

एल्डन हा निवृत्त विमा एजंट. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा आगीचा विमा त्यानेच उतरवलेला, आणि प्रत्येकाच्या तळघरात उतरून 'हे रंगाचे डबे इथे ठेवू नका' हे त्यानेच सांगितलेलं. लोक त्याला प्रेमाने 'धूर' म्हणायचे, तो नसताना. सभागृहाच्या तळघरात, हिवाळ्यात इमारत तापवणाऱ्या बॉयलरच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती: 'या खोलीत कोणतीही वस्तू ठेवू नये. हुकुमावरून, सुरक्षा समिती.' समिती म्हणजे एल्डन. हुकूमही त्याचाच, आणि अक्षरही.

तर मेमोरियल डेला आठवडा राहिला असताना एल्डन दफनभूमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. बसून चालवायची गवतकापी गाडी तिथे ऑक्टोबरपासून उभी होती. तो ऐटीत तिच्यावर बसला, टोपी सारखी केली आणि किल्ली फिरवली.

गाडी म्हणाली, "टक्."

त्याने परत फिरवली. "टक्." तिसऱ्या खेपेला ती तेवढंही म्हणाली नाही.

सीट उचलून बघितलं तर खाली बॅटरी, आणि तिच्या दोन्ही टर्मिनलांवर हिरवट पांढरं कीट फुललेलं. हिवाळ्याआधी ती काढून घरी न्यायची असते, चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवायची असते आणि अधूनमधून पुन्हा थोडी चार्ज करायची असते. हे सगळं गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. माहितीपुस्तक शेडमध्येच होतं. ते उंदरांनी खाल्लं होतं. 'ऑपरेशननंतर माणसाच्या डोक्यात गुडघ्याखेरीज दुसरं काही राहत नाही,' असं एर्विन फोनवर म्हणाला.

बॅटरी बंद पडल्याची बातमी एल्डन घरी पोचायच्या आत गावात पोचली. शेजारचा रूडी मारेश कुंपणाशीच उभा होता. रूडीचा जन्म धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला, म्हणजे निदान तो असं सांगायचा.

"मेलेली नाही ती," बॅटरी न बघताच रूडी म्हणाला. "झोपलीय. तिच्यात ॲस्पिरिनची गोळी टाक."

"बॅटरीत?"

"प्रत्येक खान्यात एक. माझा बाप टाकायचा."

"मग चालायची?"

"बापाची डोकेदुखी तरी थांबायची," रूडी म्हणाला आणि स्वतःच खूप हसला. पोस्टात कुणी सांगितलं की सिमेंटवर ठेवली म्हणून बॅटरी उतरली, लाकडावर ठेवायला हवी होती. कुणी म्हणालं, ट्रकच्या बॅटरीला जोडून दणका द्या. कुबिचेक बाई मात्र एकच वाक्य बोलल्या: "एल्डन, नवी आण."

गावात सगळेच त्यांना कुबिचेक बाई म्हणत, कारण गावातल्या अर्ध्याअधिक माणसांना पाढे त्यांनी शिकवले होते. आता त्या ऐंशीच्या पुढे होत्या, पण त्यांनी नुसतं नाव घेतलं तरी एल्डनचा हात आपोआप शर्टाची बटणं चाचपायचा.

नवी आणायची, हे एल्डनलाही पटत होतं. त्याने अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, "जरूर आणा. खजिनदारांची सही तेवढी लागेल." खजिनदार साउथ डकोटात तळ्यावर मासे धरायला गेलेले, आणि तिथे फोन लागत नव्हता. लागू नये म्हणूनच ते तिथे गेले होते.

"मग मी माझ्या पदरचे घालतो," एल्डन म्हणाला.

"ती देणगी झाली. देणगी स्वीकारायला ठराव लागतो."

"मग सभा बोलवा."

"सभेला खजिनदार लागतो."

एल्डनने फोन खाली ठेवला. बर्नाडीन, म्हणजे त्याची बायको, वाटाणे सोलत सगळं ऐकत होती. "अरे, गुपचूप एक नवी आण आणि बसवून टाक. कोण बघायला येतंय?"

"नियम आहे, बर्नाडीन."

"कुणी केला असला नियम?"

एल्डनने वाटाण्याची एक शेंग उचलून सोलायला घेतली. नियम त्यानेच केला होता.

शेवटी त्याने जुनीच बॅटरी चार्ज करायचं ठरवलं. रूडीने आपल्या बापाचा चार्जर दिला. तो प्रवासी बॅगेएवढा होता. एके काळी त्याच्यावर ट्रॅक्टर सुरू व्हायचे, आणि बॅटरी भरली की आपणहून थांबावं एवढी समज त्या काळच्या चार्जरांना नसायची. त्याच्यावर प्रवाह कमीजास्त करायचं एक बटण होतं, पण भोवतीचे आकडे कधीच पुसून गेले होते. एल्डनने गॅरेजमध्ये बॅटरीची सहाही झाकणं उघडून आत डोकावून पाहिलं. आतल्या पट्ट्या कोरड्या पडलेल्या. बॅटरीत घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, आणि चार्ज करण्याआधी घालायचं ते पट्ट्या बुडतील एवढंच, बाकीचं नंतर. एल्डनने नळाचं घातलं, आणि उदार मनाने काठोकाठ घातलं. थोड्याच वेळात आतून बुडबुड सुरू झाली आणि सहाही तोंडांतून तेजाब वर येऊन बर्नाडीनच्या डीप फ्रीजरवरून ओघळू लागलं.

बर्नाडीनने खायच्या सोड्याचा आख्खा डबा त्याच्यावर रिकामा केला. फसफसून असा फेस आला की काही वेळ गॅरेजमध्ये नक्की कोण कुठे आहे हे कळेना. फेस ओसरल्यावर फ्रीजरचा रंग निघालेला दिसला आणि बर्नाडीनचा चेहरा दिसला. दोन्हींपैकी एल्डनला कशाची जास्त भीती वाटली हे सांगायची गरज नाही.

"ही वस्तू माझ्या घरात परत दिसता कामा नये," ती म्हणाली.

त्या गडबडीत त्याने हात पँटीला पुसले होते. तेजाबाची एक खोड अशी की ते लगेच काही बोलत नाही. पँट धुवून, वाळून, इस्त्री होऊन आली, त्याने ती घालून पोस्टात पाऊल टाकलं, आणि खिशातल्या किल्ल्या थेट बुटावर पडल्या. दोन्ही मांड्यांवर चाळणी. खिडकीमागची बाई फक्त एवढंच म्हणाली, "हवेशीर आहे." एल्डन टोपी पुढे धरून घरी आला.

इथे त्याने हात टेकले असते तर बरं झालं असतं. पण सोमवार जवळ येत होता, गवत गुडघ्याला लागत होतं, आणि रोज सकाळी दफनभूमीवरून जाताना त्याला वाटायचं की सगळे दगड आपल्याकडेच बघतायत. त्यात त्याचा स्वतःचा बापही होता, आणि तो जिवंतपणीही असाच बघायचा.

शनिवारी सभागृहाच्या तळघरात गावजेवण असतं. जेवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून सैनिकांच्या कबरींवर लहान लहान झेंडे लावायचे, ही रीत. त्याच्या आदल्या संध्याकाळी एल्डन कुबिचेक बाईंकडे सभागृहाची किल्ली मागायला गेला. एक किल्ली खजिनदाराबरोबर मासे धरायला गेली होती. दुसरी बाईंकडे, कारण स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात.

"कशाला हवीय?" बाईंनी विचारलं.

"पाटी नीट आहे का बघायचंय. बॉयलरच्या खोलीची."

"पाटी पळून जाणाराय का?" पण त्यांनी किल्ली दिली.

तर अशा रीतीने, 'कोणतीही वस्तू ठेवू नये' या पाटीखालून एल्डन बॅटरी आणि चार्जर घेऊन आत शिरला. चोरी करताना माणसाचे कान किती तीक्ष्ण होतात हे त्याला त्या दिवशी कळलं. बॅटरीची एक बाजू किंचित फुगलीय असं त्याला वाटलं. मग वाटलं, मुळातच अशी असेल. त्याने चिमटे लावले, बटण अगदी डावीकडे फिरवलं. डावीकडे प्रवाह कमी असणार, असं तो धरून चालला. डावीकडे कमी नव्हता. तासाभराने येऊन काढायची, असा बेत करून तो वर आला, तर दारात कुबिचेक बाई पिठाचं पोतं घेऊन उभ्या.

"झाली पाटी बघून? आण ती किल्ली. मी आतच आहे आता, जाताना कुलूप लावीन. तू घरी जा, तुझा रंग बरा दिसत नाहीये."

"बाई, मी थोड्या वेळाने परत..."

"एल्डन. घरी."

आणि तो घरी गेला. साठी उलटून गेलेला माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तळघरांची काळजी वाहिली, तो एका वाक्यात घरी गेला. रात्रभर तो छताकडे बघत पडून राहिला. बर्नाडीनने विचारलं तेव्हा 'गवताचा विचार करतोय' म्हणाला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला, असं त्याला वाटलं. पण स्वयंपाकाच्या बायका पहाटेच आल्या होत्या. तळघरात बदक भाजल्याचा, कोबीचा, गरम कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या चेक गोड पावांचा, वास भरला होता. टेबलं मांडून झाली होती. आणि बॉयलरच्या खोलीच्या दारासमोर, दाराला अगदी चिकटून, गोडाचं लांबलचक टेबल लावलं होतं. त्यावर खसखशीचे कोलाचे, आलुबुखाराचे कोलाचे, तीन मजली केक, आणि कोपऱ्यावर मानाच्या जागी कुबिचेक बाईंची भरली अंडी.

त्या अंड्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. उकडलेलं अंडं अर्धं कापून, बलक काढून, मोहरी आणि आणखी कशाकशात घोटून परत भरायचं, हे तर सगळेच करतात. पण बाईंची अंडी संपल्यावर लोक ताट पुसून खायचे. एका दिवंगत गृहस्थांनी आपल्या अंत्यविधीच्या जेवणाला हीच अंडी हवीत असं लिहून ठेवलं होतं, आणि त्यांची बायको इतर सूचना विसरली तरी ही विसरली नव्हती.

एल्डन टेबलापाशी गेला. दारामागून त्याला बारीकसा फिस्सऽऽ असा आवाज ऐकू आला.

"हे टेबल जरा पुढे घेऊ या का?" तो शक्य तितक्या सहज म्हणाला. "दार मोकळं असावं. सुरक्षेच्या दृष्टीने."

"आत काही ठेवत नाही ना आपण?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग दार उघडायचंय कशाला?"

पुढचा अर्धा तास त्याने त्या टेबलाभोवती घिरट्या घातल्या. एकदा काटा पाडून टेबलाखाली वाकला. एकदा बॉयलर गरम लागतोय म्हणाला, तर कुणीतरी 'मे महिन्यात?' असं विचारलं. एकदा खरोखरच टेबलाच्या कडेला हात घातला, तर तीन मजली केक डुलला आणि बायकांनी त्याला हाकलून लावलं. हळूहळू माणसं आली, प्रार्थना झाली, ताटं भरली. रूडी समोर येऊन बसला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रे, झाली का बॅटरी चार्ज?"

"होतेय," एल्डन म्हणाला.

"कमीवर ठेवलीयस ना? उजवीकडे कमी असतं."

एल्डनचा काटा ताटात पडला.

आणि तेव्हाच वास आला. आधी अगदी पुसट, मग स्पष्ट. सडक्या अंड्यांचा.

व्हिसोकातली माणसं तोंडावर बोलणारी नाहीत. ती फक्त ताट किंचित दूर सरकवतात. एकीने भरल्या अंड्याचा अर्धा घास रुमालात घेतला. दुसरीने तिच्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबुज गेली, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यावरच्या त्या ताटाकडे वळल्या. कुबिचेक बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी नजरा पाहिल्या, ताट पाहिलं. एक अंडं उचलून नाकाशी नेलं, बराच वेळ धरलं, आणि खाली ठेवलं. मग त्यांनी एक स्वच्छ टॉवेल घेतला आणि ताटावर झाकला, आपल्या माणसावर झाकावा तसा.

एल्डनला त्याच क्षणी उठायचं होतं. तो बसूनच राहिला.

"गॅस!" रूडी ओरडला. "अंडी नाहीत ही, गॅस गळतोय!"

कॉनी ब्राबेक ताडकन उभी राहिली. कॉनीचं गावात केस कापायचं दुकान होतं, आणि गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची ती प्रमुख. एरवी ती एल्डनला एल्डन म्हणायची. दलाचं काम सुरू झालं की सगळे मिस्टर आणि मिसेस व्हायचे.

"कुणीही दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. सगळे बाहेर. चला. मिसेस कुबिचेक, ताट राहू द्या."

बाईंनी ताट ठेवलं नाही.

बाहेर हिरवळीवर सगळं गाव उभं राहिलं. कुणाच्या हातात बदकाची तंगडी, कुणाच्या हातात नुसताच काटा. कॉनी गॅस कंपनीशी फोनवर बोलत होती. माणूस पाठवतो, म्हणाले. तो तालुक्याच्या गावाहून निघेल. तोवर इमारतीत कुणी जाऊ नये. ग्राहक क्रमांक काय? ग्राहक क्रमांक खजिनदाराकडे होता. कॉनीने फोन ठेवला आणि दलाच्या दोघांना मुखवटे चढवायला सांगितलं. "वाट बघत बसलो तर संध्याकाळ होईल. आपण आत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद करू."

एल्डनच्या डोळ्यांसमोर तळघर आलं. तो दोन प्रकारच्या भीतींच्या मधे उभा होता. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, एका ठिणगीने. हे त्याला माहीत होतं, याच्या पॉलिसीसुद्धा त्याने लिहिल्या होत्या. चिमटा हिसकला की ठिणगी. आणि बोललो तर पाटी, समिती, हुकूम, सगळं संपलं. कॉनीने दाराला हात घातला.

"कॉनी, आत जाऊ नकोस!"

ती वळली. त्याने तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. अशा गोष्टी करायला वेळ लागतो, सांगायला नाही. कॉनी त्याच्याकडे एकटक बघत राहिली.

"बॉयलरच्या खोलीत," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"पाटी आहे त्या."

"हो."

"मिस्टर पॉस्पिशिल," ती म्हणाली, आणि ते 'मिस्टर' त्याला फार लागलं.

पण काम तिने चोख केलं. आत न जाता आधी इमारतीच्या मागच्या भिंतीवरचा विजेचा मेन स्विच पाडला, म्हणजे चार्जर बाहेरूनच बंद. मग तळघराची बाहेरची दारं आणि खिडक्या सताड उघडल्या, आणि वारा खेळू दिला. बराच वेळ कुणी काही केलं नाही, हेच मुख्य काम होतं. मग दोघं मुखवटे, चष्मे आणि जाड हातमोजे घालून आत गेले, बॅटरी निवेपर्यंत थांबले, आणि ती बाहेर आणून गवतापासून दूर खडीवर ठेवली. चारी बाजूंनी फुगून तिचा घडाच झाला होता. एल्डनने ती पाहिली आणि तो शेजारच्या बाकावर बसला.

"लोकांना सांगते, विजेचा बिघाड होता," कॉनी हळूच म्हणाली. आता ती परत केस कापणारी कॉनी होती. "खोटं नाही ते. जा, पाणी पी."

एल्डनला एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. वाचलो. तो उठला, आणि त्याला कुबिचेक बाई दिसल्या. सगळ्यांपासून लांब, एका झाडाखाली, त्या ताटातली अंडी एकेक करून कागदी पिशवीत टाकत होत्या.

"बाई, हे काय करताय?"

"टाकतेय." त्यांनी वर बघितलं नाही. "एल्डन, तुला म्हणून सांगते. हिवाळ्यात तो ताप आला होता ना मला, तेव्हापासून वासच येत नाही. कशाचाच नाही. कॉफीचा नाही, साबणाचा नाही. सकाळी बलक घोटताना म्हटलं, दिसायला तर बरी दिसतायत. इतकी वर्षं हात बसलाय, चुकायचं कसं? कुणाला सांगितलं नाही मी. सांगितलं तर स्वयंपाकघर काढून घेतील, तेही बरोबरच आहे म्हणा." त्यांनी आणखी एक अंडं पिशवीत टाकलं. "पोरं खाणार होती रे ती. कुणाला काही झालं असतं तर?"

"पण कॉनीने सांगितलं ना, विजेचा..."

"ती चांगली मुलगी आहे. मला वाईट वाटू नये म्हणून बोलतेय."

एल्डन तिथे उभा राहिला. बॅटरीपेक्षा हे वाईट होतं. मग तो वळला आणि बाकावर चढला. बाक डगमगला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाचीही मजबुती न तपासता चढला होता.

"ऐका!" आवाज चिरकला. "वास अंड्यांचा नव्हता. गॅसचाही नव्हता. माझ्या बॅटरीचा होता. गवतगाडीची बॅटरी मी काल संध्याकाळी बॉयलरच्या खोलीत चार्जिंगला लावली. कुणाला न विचारता. पाटीखालून नेली. बाईंची अंडी उत्तम आहेत."

रूडी म्हणाला, "उजवीकडे कमी असतं, सांगितलं होतं ना मी!" आणि कुणीतरी खो खो हसलं, आणि मग सगळेच. एल्डनचे कान तापले. तो खाली उतरला तर कुबिचेक बाई समोर उभ्या.

"म्हणजे मी टॉवेल झाकत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो, बाई."

"आणि तू बसून राहिलास."

"हो, बाई."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं आता आपण खरोखर तिसरीच्या वर्गात आहोत. मग त्यांनी उरलेल्या अंड्यांचं ताट त्याच्या हातात दिलं. "जा. प्रत्येकासमोर धर. प्रत्येकाला सांग काय केलंस ते. म्हाताऱ्या झेडनिकला मोठ्याने सांग, त्याला ऐकू येत नाही."

एल्डनने ताट फिरवलं. पन्नाससाठ वेळा तेच वाक्य. लोक अंडं उचलायचे, एक डोळा बारीक करायचे आणि विचारायचे, "पाटीचं काय म्हणालास? परत सांग." झेडनिकला चारदा सांगावं लागलं, आणि चौथ्या वेळेला तर रस्त्यावरून जाणाऱ्या परगावच्या गाडीनेही काच खाली केली. पण ताट संपलं. पुसून संपलं.

संध्याकाळी तो घरी आला तर ओसरीत नवी बॅटरी. तिच्याशेजारी चष्मा, हातमोजे, डिस्टिल्ड वॉटरचा डबा आणि एक लहानसा नवा चार्जर, जो भरलं की आपणहून थांबतो.

"खजिनदाराची सही नाही," एल्डन म्हणाला.

"मला पकडायला सांग त्याला," बर्नाडीन म्हणाली.

रविवारी त्याने ती बसवली. आधी टर्मिनलच्या तारा सोड्याच्या पाण्याने घासल्या, पुसून वाळवल्या. आधी लाल तार, मग काळी. प्रत्येक वेळी मागे सरकून श्वास रोखून. रूडी कुंपणावरून सल्ले देत होता. "एवढं काय घाबरतोस? बॉम्ब आहे का तो?"

"हो," एल्डन म्हणाला, आणि कामाला लागला.

गाडी सुरू झाली. गवत एवढं वाढलं होतं की दोनदा कापावं लागलं, आणि शेवटचा कोपरा सोमवारी सकाळी, माणसं यायला सुरुवात झाल्यावर उरकला. एल्डन गाडी बंद करून उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. कुबिचेक बाई जवळच आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी उभ्या होत्या. फुलं ठेवून झाली होती, तरी त्या निघत नव्हत्या.

"एल्डन, इकडे ये. आत्ता वास कसा येतोय इथे?"

"कशाचा, बाई?"

"कापलेल्या गवताचा. तो म्हणायचा, शाळा सुटल्याचा वास."

एल्डनने टोपी काढली. त्याने आयुष्यभर नुकसानीची वर्णनं लिहिली होती. चांगल्या गोष्टीचं वर्णन करायची वेळ कधी आली नव्हती. त्याने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"ओला आहे," तो म्हणाला. "हिरवा. कच्च्या काकडीसारखा, पण गोडसर. खालून जराशी माती. आणि उन्हात पडलेलं असतं ना, त्याचा निराळा, तो वाळत चाललेला... थांबा, वारा फिरला. आता तुमच्या फुलांचाही येतोय."

"सावकाश सांग," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या दंडाचा आधार घेतला. "घाई नाहीये मला."